‘मदरबोर्ड गेलाय’ म्हणण्याआधी एवढे तरी तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेशाचे अर्ज आणि पावसाळा एकाच वेळी येतात, आणि लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानांत त्या दिवसांत एकच तक्रार फिरत असते : ‘कधी चालू होतो, कधी होतच नाही.’ बटण दाबले की दिवा लागतो, पंखा घरघरतो, स्क्रीन मात्र काळीच. पाच-सहा वेळा खटाटोप केल्यावर एकदाचा सुरू होतो आणि मग दिवसभर सुरळीत चालतो. अशा मशीनला काउंटरवर दोनच निकाल मिळतात, ‘फॉरमॅट मारूया’ किंवा ‘मदरबोर्ड गेलाय’. दोन्ही निकाल बहुधा काहीही न मोजता दिलेले असतात. ग्राहकाने घरी काय तपासावे आणि दुकानदाराला नेमके काय विचारावे, ते सविस्तर लिहीत आहोत. पत्र लांबले आहे, पण विषयच तसा आहे.

जे मशीन अधूनमधून का होईना सुरू होते आणि झाल्यावर नीट चालते, त्याचा प्रोसेसर आणि बोर्डाचा मोठा भाग जिवंत असतो. दोष बहुधा सांध्यात असतो. म्हणजे एखादा सैल कनेक्टर, मान टाकलेला सेल, अशक्त अ‍ॅडॅप्टर, नीट न बसलेली रॅम (चालू कामापुरती मशीनची स्मृती) किंवा विंडोजची एखादी सेटिंग. म्हणून पहिल्याच दिवशी बोर्ड बदलायला होकार देऊ नये.

सगळ्यात आधी डेटा. मशीन सुरू आहे ना? मग ते बंद करू नका. महत्त्वाच्या फाइल आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या. बहुतेक लोक उलट करतात. चालू झाला म्हणून हायसे वाटून काम उरकतात आणि रात्री शटडाउन करतात. दुसरे काम बिटलॉकरच्या, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेल्या कुलपाच्या, कीचे. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केले असेल तर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असू शकते, मालकाला पत्ताही नसतो. पुढे बायोसच्या (मशीन सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामच्या) सेटिंग बदलल्या किंवा बोर्ड बदलला की स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर डिस्क ठणठणीत असूनही आतले काही मिळत नाही. ही की मायक्रोसॉफ्ट खात्यात आपल्या उपकरणांच्या यादीखाली दिसते. मशीन उघडण्याआधी ती कागदावर उतरवून घ्या. ती त्याच लॅपटॉपमध्ये ठेवून उपयोग नाही, हे सांगायला नको, तरी सांगतो.

मग दोन-तीन दिवस एक टिपण ठेवा. मशीन रात्रभर थंड पडल्यावर अडते की तापल्यावर? अ‍ॅडॅप्टर लावून अडते की नुसत्या बॅटरीवर? शटडाउननंतर अडते आणि रीस्टार्टला मात्र अडत नाही, असे आहे का? बॅगेतून नेल्यावरच त्रास होतो का? झाकण ठरावीक कोनात असताना? या पाच प्रश्नांची उत्तरे घेऊन येणाऱ्या ग्राहकाचे निम्मे काम झालेले असते. ‘चालू होत नाही’ एवढ्यावर दुकानदारही अंदाजच बांधणार.

बटण दाबल्यावर आत काय होते ते थोडक्यात. अ‍ॅडॅप्टर लावताच बोर्डावर ३.३ आणि ५ व्होल्टचे कायमचे पुरवठे उभे राहतात आणि त्यांवर एक छोटा नियंत्रक जागा असतो. बटणाचा इशारा त्याला मिळाला की तो एकेक करून बाकीचे पुरवठे चालू करतो. मग प्रोसेसर उठतो, बायोस वाचले जाते, रॅमची चाचणी होते, चित्र उमटते, डिस्क सापडते आणि शेवटी विंडोज. मशीन यातल्या कुठल्या पायरीवर थांबते ते कळले की दहा संशयितांतले सात बाद होतात. दिवाच लागत नसेल तर विंडोजचा काही संबंध नाही, आणि कंपनीचे बोधचिन्ह दिसून मग गाडी अडत असेल तर अ‍ॅडॅप्टर बदलून सहसा काही होणार नाही.

दिवाच लागत नसेल तर अ‍ॅडॅप्टरपासून सुरुवात करावी. बऱ्याच लॅपटॉपचा अ‍ॅडॅप्टर १९ ते २० व्होल्टचा असतो. ६५ वॅटचा असेल तर त्यावर १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपियर असे काहीसे छापलेले असते. व्होल्ट जुळले म्हणून शेजाऱ्याचा ४५ वॅटचा अ‍ॅडॅप्टर लावला तर बॅटरी भरलेली असताना चालून जाते, पण बॅटरी उतरलेली असताना सुरुवातीचा झटका त्याला पेलत नाही आणि मशीन दिवा लावून पुन्हा विझते. मल्टिमीटरने मोजायचे तर डीसीच्या २०० व्होल्टच्या पट्ट्यावर मोजा. २०चा पट्टा १९.९९ पर्यंतच दाखवतो. आकडा बरोबर आला म्हणून अ‍ॅडॅप्टर निर्दोष ठरत नाही, कारण भार नसताना थकलेला अ‍ॅडॅप्टरही १९.५ दाखवतो आणि भार पडताच कोसळतो. त्यामुळे त्याच क्षमतेचा दुसरा अ‍ॅडॅप्टर लावून पाहणे हीच खरी परीक्षा. टाइप-सीच्या चार्जरची गोष्ट वेगळी. तो मोकळा असताना फार तर ५ व्होल्ट देतो आणि लॅपटॉपशी बोलणी झाल्यावरच २० वर जातो. नुसत्या मीटरने तो ‘मेलेला’ ठरवू नये.

डेल आणि एचपीच्या गोल पिनेच्या मध्यभागी एक बारीक सुईसारखी पिन असते. तिच्यातून वीज नाही, अ‍ॅडॅप्टरची ओळख जाते. ती वाकली किंवा तिची तार आत तुटली की मशीन चालते, पण बॅटरी भरत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम संथ चालवला जातो. बॅटरी पुरती उतरली की मग सुरू होण्याची रडकथा सुरू होते. लोक बॅटरी बदलतात. दोष असतो पिनेत.

आणखी एक खूण डोळ्यांनी दिसते. अ‍ॅडॅप्टरवरचा छोटा दिवा प्लगला लावल्यावर जळतो आणि पिन लॅपटॉपमध्ये खुपसताच विझतो. याचा अर्थ बोर्डाच्या प्रवेशद्वाराशीच शॉर्ट आहे आणि अ‍ॅडॅप्टर स्वतःला वाचवतो आहे. इथे अ‍ॅडॅप्टर बदलत बसू नये. बहुतेकदा सिरॅमिक कपॅसिटर किंवा मॉस्फेट असा बोर्डावरचा एखादा बारीक भाग गेलेला असतो, आणि चिप-लेव्हल काम, म्हणजे असे सुटे भाग बदलणे, जाणणारा कारागीर तो एक भाग बदलून मशीन उभे करतो. दिवा विझत नसेल, पण पिन हलवली की चार्जिंग ये-जा करत असेल, तर जॅक सैल झाला आहे. बऱ्याच मॉडेलांत जॅक छोट्या केबलवर असतो आणि चार स्क्रू काढून बदलता येतो. काहींत तो बोर्डाला झाळलेला (सोल्डर केलेला) असतो. तिथे मात्र हात सफाईचा हवा.

अ‍ॅडॅप्टर विकत घेताना त्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण, ‘आर’ हे अक्षर आणि पुढे आठ आकडे आहेत का ते पाहा. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकून पडताळता येतो. नकली मालावरही क्रमांक छापलेला असतो, म्हणूनच पडताळायचा.

यानंतर पाच मिनिटांचा, फुकटचा उपाय : अ‍ॅडॅप्टर काढा, पेन ड्राइव्ह, माऊस, एचडीएमआय, सगळे काढा. बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा. पॉवरचे बटण सलग तीस सेकंद दाबून धरा. मग बॅटरी न लावता फक्त अ‍ॅडॅप्टरवर सुरू करून पाहा. बॅटरी आत बंदिस्त असेल तर अ‍ॅडॅप्टर काढून तसेच बटण धरा. थिंकपॅड आणि एसरच्या अनेक मॉडेलांत तळाशी सुईएवढे छिद्र असते, त्यात टाचणीने हलके दाबले तरी तेच काम होते. वर सांगितलेला छोटा नियंत्रक कधी कधी अर्धवट अवस्थेत गोठतो, आणि कपॅसिटरांत उरलेली वीज त्याला तसेच धरून ठेवते. ती ओसरली की तो कोऱ्या पाटीने उठतो. बऱ्याच मशीन एवढ्यावर सुरू होतात. मात्र दर आठवड्याला हे करावे लागत असेल तर तो उपाय राहिला नाही, ती खूण झाली. त्या वेळी बॅटरीचा कनेक्टर काढून काही दिवस फक्त अ‍ॅडॅप्टरवर चालवून पाहावे. बॅटरीशिवाय त्रास थांबला तर चोर सापडला. त्याआधी बॅटरीची प्रकृती विंडोजलाच विचारता येते. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट’ ही आज्ञा इंग्रजीत (powercfg /batteryreport) टाइप केली की एक अहवाल तयार होतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याखाली गेला असेल तर नुसत्या बॅटरीवर मशीन अडण्याचे कारण शोधायला लांब जाऊ नये.

टचपॅड वर उचलला गेला असेल, क्लिक नीट होत नसेल किंवा तळ टेबलावर डुगडुगत असेल, तर बॅटरी फुगली आहे. इथे प्रयोग नकोत. चार्जिंग बंद करा, दाबून बसवू नका, टोचू नका, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी. आता कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो आहे का? तसे असेल तर मशीन आतून बहुधा सुरू झालेले आहे, फक्त दिसत नाही. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मारा. पुसट चित्र दिसले तर बॅकलाइट गेला आहे. एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र आले तर बोर्डाला दोष देऊ नका. झाकण हळूहळू मागे-पुढे करताना एखाद्या कोनात चित्र येत-जात असेल तर बिजागरीतून जाणारी स्क्रीनची केबल झिजली आहे. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकदम दाबली की डिस्प्ले ड्रायव्हर (स्क्रीन चालवणारा प्रोग्राम) नव्याने सुरू होतो. झोपेतून उठताना काळी पडलेली स्क्रीन कधी कधी एवढ्याने येते. जाता जाता, झाकण मिटल्याचे मशीनला चुंबकावरून कळते. चुंबकाचे कव्हर असलेला मोबाइल किंवा चुंबकी कडे कीबोर्डाच्या कडेला टेकले की लॅपटॉप झोपी जातो. ही तक्रार वाटते त्यापेक्षा जास्त वेळा येते.

कॅप्स लॉक मुका असेल तर रॅमकडे वळावे. मशीन इथे अनेकदा स्वतःच बोलत असते. डेलच्या बऱ्याच मॉडेलांत दिवा आधी पिवळा आणि मग पांढरा लुकलुकतो. दोनदा पिवळा, तीनदा पांढरा म्हणजे रॅम सापडली नाही. तीनदा पिवळा, एकदा पांढरा म्हणजे बायोसचा सेल. एचपीमध्ये कॅप्स लॉकचा दिवा किंवा बीप तीन लांब, दोन आखूड आले तर तेही रॅमकडेच बोट. ही भाषा मॉडेलनुसार बदलते, म्हणून लुकलुकण्याचा व्हिडिओ काढून कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलची यादी पाहावी. दुकानातही तो व्हिडिओच दाखवा.

रॅम काढताना क्रम पाळा. तळ उघडला की सगळ्यांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, मगच बाकी कशाला हात लावा. दोन्ही बाजूंच्या क्लिप बाहेर ढकलल्या की रॅम आपोआप तिरकी वर येते. संपर्काच्या सोनेरी पट्ट्या ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा. खोडरबराची पद्धत जुनी आहे. पेन्सिलीचा मऊ पांढरा रबर हलक्या हाताने एकदा चालतो; शाईचा खरखरीत रबर सोन्याचा मुलामाच उडवतो आणि सहा महिन्यांनी तोच त्रास परत येतो. सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि इतर पदार्थ असतात. बसवताना रॅम तिरकी खुपसून सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत आत ढकला, मग खाली दाबा. दोन्ही क्लिपचा ‘टक्’ ऐकू आला पाहिजे. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून, प्रत्येक स्लॉटमध्ये वेगळी तपासा. पट्टी दोषी की स्लॉट, ते अशानेच कळते. डीडीआर ५ या नव्या प्रकारच्या रॅमच्या मशीनमध्ये रॅम बदलल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटे काळी राहू शकते, कारण मशीन रॅमशी जुळवून घेत असते. त्या वेळी घाबरून बटण दाबून बंद केले की सगळे पुन्हा पहिल्यापासून. खात्रीसाठी मेमटेस्ट ८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून किमान एक पूर्ण फेरी, जमल्यास रात्रभर चालवा. एकसुद्धा चूक दाखवली तर ती रॅम बाद. ‘एकच तर एरर आहे’ असे रॅमच्या बाबतीत नसते.

आता बायोसच्या सेलकडे येऊ. ज्यांना फुकटात ‘फॉरमॅट’ मारून मिळाले आहे, त्यांनी हे जरूर वाचावे. तीन-चार वर्षे जुन्या अनेक लॅपटॉपमध्ये सीआर २०३२ नावाचा नाण्यासारखा सेल असतो, कधी उघडा, कधी काळ्या-पिवळ्या वेष्टनात दोन तारा जोडलेला. नव्या बऱ्याच मॉडेलांत तो नसतोच, मुख्य बॅटरीच ते काम करते. नवा सेल ३ व्होल्टच्या किंचित वर दाखवतो, २.८ च्या खाली आला तर बदलावा. सेल उतरल्याची पहिली खूण घड्याळात दिसते. तारीख काही वर्षे मागे जाते आणि ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळ ‘असुरक्षित’ असल्याचे सांगू लागतो. दुसरी खूण जास्त फसवी असते. सेल गेला की बायोस सगळ्या सेटिंग विसरून कारखान्यातल्या मूळ स्थितीवर जाते. त्यात डिस्कशी बोलण्याची पद्धत एएचसीआय या प्रकारावरून रेड किंवा व्हीएमडी या दुसऱ्या प्रकारांवर, किंवा उलट गेली, की विंडोजला आपलीच डिस्क ओळखता येत नाही आणि ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ लिहिलेली निळी किंवा काळी स्क्रीन येते. जुनी विंडोज लेगसी या जुन्या बूट पद्धतीने टाकलेली असेल आणि बायोस यूईएफआय या नव्या पद्धतीवर गेले असेल, तर ‘बूट होण्याजोगी डिस्क नाही’ असा संदेश. डिस्क चांगली, विंडोज चांगली, डेटा शाबूत. बायोसमधला एक पर्याय पूर्ववत केला की मशीन सुरू. पण हे न पाहता ‘विंडोज करप्ट झाली’ म्हणून फॉरमॅट मारला जातो आणि मुलीच्या लग्नाचे फोटो जातात. सेल शंभर रुपयांच्या आत मिळतो. तारांचा सेल असेल तर तारांसकट तयार घ्या, आणि लाल-काळ्या तारांचा क्रम जुन्याशी ताडून पाहा. साध्या सेलवर थेट सोल्डरिंग गन टेकवू नये, तो फुटू शकतो. मशीन नीट चालत असतानाच बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढून ठेवला तर पुढे हा सगळा घोळ दहा मिनिटांत सुटतो.

बायोस अपडेट करून बघूया, असा सल्लाही मिळतो. सुरू होण्याची खात्री नसलेल्या मशीनवर तो शेवटी ठेवावा. अपडेटच्या मध्येच वीज गेली किंवा मशीन बंद पडले तर असलेले बायोसही हातचे जाते.

शटडाउननंतर अडते, रीस्टार्टला कधीच अडत नाही, असे टिपणात दिसले असेल तर स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवा. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे आणि बहुतेक मशीनवर ती मुळातच चालू असते. तिच्यामुळे शटडाउन केले तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. तिचा गाभा डिस्कवरच्या एका फाइलमध्ये गोठवून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच वितळवून उभा केला जातो. एखादा ड्रायव्हर या गोठण-वितळणातून नीट उठला नाही की काळी स्क्रीन, नुसता कर्सर किंवा गोल गोल फिरणारे ठिपके. रीस्टार्टला मात्र विंडोज खरोखर पहिल्यापासून सुरू होते, म्हणून तिथे त्रास नाही. ‘मी रोज बंद करतो’ म्हणणाऱ्यांची विंडोज कधी कधी महिनाभर खऱ्या अर्थाने बंद झालेलीच नसते! कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, त्यात ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, मग वरची ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ ही ओळ दाबून ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची खूण काढा आणि सेव्ह करा. एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) असलेल्या मशीनला यामुळे सुरू व्हायला काही सेकंदच जास्त लागतात. आठवडाभर पाहा. एकदाच पडताळायचे असेल तर शिफ्टचे बटण दाबून धरून शटडाउन करा; तेवढ्यापुरते ते पूर्ण बंद होते.

बोधचिन्ह दिसते, ठिपके फिरतात, आणि गाडी तिथेच अडते किंवा ‘ऑटोमॅटिक रिपेअर’च्या फेऱ्यात सापडते, तेव्हा डिस्कवर संशय घ्यावा. आधी बायोसमध्ये जाऊन डिस्कचे नाव यादीत दिसते का पाहा. कधी दिसते, कधी नाही, असे असेल तर दोष एसएसडीत किंवा तिच्या बैठकीत. एम.२ एसएसडी (पट्टीच्या आकाराची डिस्क) एका बारीक स्क्रूने खाली धरलेली असते. आधीच्या दुरुस्तीत तो स्क्रू हरवला असेल तर पट्टी स्प्रिंगसारखी तिरकी वर उठलेली राहते आणि बॅगेतल्या धक्क्याने संपर्क सुटतो. हे आश्चर्य वाटावे इतक्या मशीनमध्ये दिसते. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रामने डिस्कची प्रकृती दिसते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमध्ये ०५ (खराब म्हणून बदललेले भाग) आणि सी५ (वाचता न येणारे, बदलाच्या प्रतीक्षेतले भाग) या दोन ओळी पाहा. तिथले आकडे शून्याच्या वर असून वाढत असतील तर डिस्कचे दिवस भरले. अशा डिस्कवर ‘चेक डिस्क’ चालवू नका. मरणपंथाला लागलेल्या डिस्कला तासन्‌तास वाचायला लावून आपण तिचा शेवट जवळ आणतो. आधी डेटा काढा, मग काय ते.

डिस्क ठीक असेल तरच विंडोजची दुरुस्ती. दोन-तीनदा लागोपाठ सुरुवात फसली की दुरुस्तीची निळी स्क्रीन आपोआप येते. नाही आली तर ठिपके फिरताना बटण दहा सेकंद दाबून बंद करणे तीनदा करा. तिथे ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये क्रम असा ठेवा : आधी स्टार्टअप रिपेअर, मग शेवटचे अपडेट काढून टाकणे, मग सिस्टम रीस्टोअर. ‘रीसेट’ सर्वांत शेवटी. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या स्क्रीनवर अडकले, विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले. त्यावरचा उपाय सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू करण्याच्या पद्धतीत) जाऊन एक फाइल काढणे, एवढाच होता. फॉरमॅटची गरज नव्हती, हार्डवेअरला तर धक्काही नव्हता. विंडोज सुरू झाल्यावर स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ असे इंग्रजीत टाइप करून ‘रिलायबिलिटी हिस्टरी’ उघडा. कुठल्या दिवशी काय कोसळले ते लाल फुल्यांनी दिसते. त्रास सुरू झाला त्याच दिवशी कुठले अपडेट किंवा ड्रायव्हर आला का, ते तिथे ताडून पाहता येते.

ओलाव्याबद्दल थोडे. कोकणात आणि पावसाळ्यात एकूणच, कपाटात महिनोन्‌महिने पडून राहिलेली मशीन कुरकुरतात. कनेक्टरवर हिरवट-पांढरा थर चढतो. चहा सांडलेल्या मशीनचेही तेच. आज चालले म्हणून सुटलो असे नसते, गंज पुढचे काही आठवडे सावकाश काम करतो. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने साखर आणि दूध बोर्डावरून निघत नाही. बोर्ड बाहेर काढून आयसोप्रोपिल आणि मऊ ब्रशने धुऊनच घ्यावा लागतो, आणि जितक्या लवकर तितके बरे.

गरम झाल्यावर बंद पडते आणि निवेपर्यंत सुरूच होत नाही, तिथे पंखा आणि धूळ. पण थंड असताना अडते आणि थोडे तापल्यावर सुरू होते, तिथे बोर्डाचा संशय रास्त आहे. २००६ नंतर युरोपच्या नियमामुळे जगभर शिसेविरहित झाळ आली. ती १८३ ऐवजी सुमारे २१७ अंशांना वितळते आणि जास्त ताठर असते. तापणे-निवणे होत राहिले की तिच्यात बारीक तडे जातात. काही ठिकाणी अशा बोर्डाला हीट गन मारून ‘चालू करून’ देतात. ती दुरुस्ती म्हणजे चार दिवसांची पाहुणी. दोष अनेकदा चिपच्या आतल्या सांध्यांत असतो आणि उष्णतेने तो तात्पुरता जुळतो. हीट गन मारून दिलेल्या कामाचे पूर्ण पैसे देऊ नयेत, हे आमचे स्पष्ट मत आहे.

आता दुकानदार बंधूंसाठी. ‘मदरबोर्ड गेला’ हा निकाल जॉब शीटवर (दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर) लिहायचा तर त्याखाली मोजणी लिहा. बेंच सप्लायवर (दुकानातल्या, अँपियर दाखवणाऱ्या वीजपुरवठ्यावर) बटण दाबण्याआधी बोर्ड किती अँपियर खातो, दाबल्यावर आकडा कुठवर चढतो आणि कुठे अडकतो, ३.३ आणि ५ व्होल्टचे पुरवठे उभे आहेत की नाहीत, रॅम आणि एसएसडी बदलून पाहिली का. पाच ओळींचे काम आहे. हे मोजायला अर्धा तास लागतो आणि त्याचे तपासणी शुल्क घेण्यात काही गैर नाही. उलट ते घ्यावेच. मोजणीविना सांगितलेला दहा-पंधरा हजारांचा बोर्ड मात्र गैर आहे. ग्राहकांनीही मशीन देताना जॉब शीटवर रॅम आणि एसएसडीचे क्रमांक, ‘विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये’ आणि ‘काढलेले भाग परत द्यावेत’ ही दोन वाक्ये लिहून घ्यावीत, मगच सही करावी. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’चे पोर्टल सुरू केले आहे, त्यात सहभागी झालेल्या कंपन्यांची दुरुस्ती आणि सुट्या भागांविषयीची माहिती तिथे पाहता येते. पैसे घेऊन काम झाले नाही किंवा भाग परत मिळाले नाहीत, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्या वेळी तीच सही केलेली जॉब शीट आणि बिल हाताशी लागते.

आपले,
लॅपटॉप दुरुस्ती करणारे दोन तंत्रज्ञ,
सांगली